गॅलरीत नुसतं बसलं तर काही बिघडतं का?

गॅलरीतला_चहा
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडचाप वाटेल पण विचारतेच. मी घरूनच काम करते, अकाउंट्सचं, आणि गेले दोनेक महिने साडेपाचला लॅपटॉप मिटला की चहा घेऊन गॅलरीत बसते, मोबाईल आत चार्जिंगला, आणि वीस मिनिटं काही म्हणजे काही करत नाही. समोरच्या बिल्डिंगला रंगकामासाठी परांची बांधलीये, तिच्यावर कबुतरं भांडतात ती बघते झालं. पण खरं सांगते, रात्री पोरावर उगाच खेकसणं कमी झालंय. प्रॉब्लेम असा की घरात कुणाला ते बघवत नाही. सासूबाई म्हणतात रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, आणि काल तर मेथीची जुडी आणून पुढ्यात ठेवली, बसलीच आहेस तर एवढी निवड. नवरा म्हणतो बसायचंच आहे तर मेडिटेशनचं ॲप घे, रोजची नोंद तरी राहील. मला नोंदच नकोय हो! आता मलाच अपराधी वाटायला लागलंय. आळस म्हणतात तो हाच का?

मानस_अर्धवट
आळस नाही गं. आळसात काम डोक्यावर टांगलेलं असतं आणि आपण ते टाळत लोळत असतो, म्हणून उठल्यावर आणखीच गळाल्यासारखं होतं. तुझं काम संपलंय आणि तू ठरवून बसतेयस. मी सायकॉलॉजीत एम.ए. केलंय (पुढे बँकेत चिकटलो ते सोड), तेव्हा शिकलेलं एक अजून लक्षात आहे, आपण नुसते बसतो तेव्हा मेंदू काही बंद पडत नाही, काही भाग तर तेव्हाच जोरात चालतात. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली त्याला डीफॉल्ट मोड असं नाव दिलं. जुन्या आठवणी चाळणं, उद्याचं जुळवणं, अमकी आपल्याला असं का बोलली असेल, हे सगळं तिथे चालतं. अजून एक, एडिंबराच्या संशोधकांनी २०१२ मध्ये म्हाताऱ्या माणसांना गोष्टी ऐकवल्या, एका गोष्टीनंतर १० मिनिटं नुसतं शांत बसवलं आणि दुसरीनंतर लगेच दोन चित्रांतले फरक शोधायला लावले, तर शांत बसल्यावरची गोष्ट ७ दिवसांनीही जास्त आठवत होती. सासूबाईंना सांग, वाण्याची यादी विसरू नये म्हणून बसते.

डोंबिवली_फास्ट_नव्हे_स्लो
ताई वीस मिनिटं मिळतात हेच नशीब समजा. आम्ही सकाळी लोकलमध्ये हात खिशात घालता येत नाही अशा गर्दीत पाऊण तास नुसतेच उभे असतो, त्याने कुणाचं मन शांत झालेलं बघितलं नाही. रविवारी मी पण करून बघितलं, तिसऱ्या मिनिटाला अंगाला खाज सुटल्यासारखं झालं आणि हात आपोआप मोबाईलकडे. आपल्याला जमणारी गोष्ट नाही ही.

मानस_अर्धवट
@डोंबिवली तू एकटा नाहीस रे. २०१४ मध्ये व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीवाल्यांनी लोकांना १५ मिनिटं खोलीत एकटं बसवलं, करायला काही नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. आधी झटका खाऊन बघितलेले लोक होते, पैसे देऊ पण परत नको म्हणालेले. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बटण दाबलंच. एका पठ्ठ्याने तर १९० वेळा! तू नुसता मोबाईल उचललास म्हणजे सज्जनच म्हणायचा.

फोंड्याचा
आमच्याकडे गोव्यात याला सुशेगाद म्हणतात आणि आता ते टीशर्टवर छापून विकतात, म्हणजे गोंयकार जन्मजात आळशी असा अर्थ लावून. माझे आजोबा पहाटे उठून कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत जायचे, शिपणं सुपाऱ्या सगळं उरकून संध्याकाळी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर बसायचे. कुणी विचारलं काय करताय, तर "बसलोय" एवढंच उत्तर. आजीला मात्र त्या वेळी सोप्यावर बसलेली मी कधीच बघितली नाही, ती आत चुलीपाशी. तेव्हा ताई, मेथी नवऱ्यापुढे सरकवा.

पेन्शनर_काका
मुली, बस तू खुशाल. पण एक अनुभव सांगतो. रिटायर झाल्यावर मी पण खिडकीत बसायचो, दिवसचे दिवस, आणि डोक्यात एकच रेकॉर्ड, अमुक वेळी असं करायला नको होतं, तमुक चुकलं. झोप गेली, जेवण नकोसं झालं. घरच्यांना वाटलं काका निवांत आहेत. शेवटी मुलगी डॉक्टरकडे घेऊन गेली, ते डिप्रेशन निघालं. डॉक्टरांनी मला बसायला नाही, उठायला सांगितलं, सकाळी दूध स्वतः आणा, झाडांना पाणी घाला, मग बसा. कबुतरं दिसतायत तोवर ठीक. ती दिसेनाशी होऊन तेच तेच फिरायला लागलं तर कुणाशी तरी बोल, सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे.

गॅलरीतला_चहा
काका, हे बरं झालं सांगितलंत, माझी आई पण सध्या तशीच बसते, तिच्याशी बोलते आज. @फोंड्याचा मेथी सरकवली. नवऱ्याने देठांसकट निवडली, भाजी आज चरचरीत लागणार. सासूबाई मात्र तो राडा बघायला गॅलरीत आल्या त्या खुर्ची घेऊन बसल्याच, आणि डाव्या बाजूचं कबूतर कसं आगाऊ आहे ते मला सांगत होत्या, त्यामुळे आज माझी वीस मिनिटं काही मिळाली नाहीत.