घरच्या स्टुडिओसाठी रीपरच घ्या

गाणे, पेटी आणि तबला घरी रेकॉर्ड करायला फुकटचे ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर पुरेल का, असा प्रश्न आहे. एकट्या आवाजाचे वाचन किंवा जुन्या कॅसेटची साफसफाई यासाठी ते उत्तमच. पण तानपुऱ्यावर आधी पेटी, मग तबला, मग गाणे असे थर चढवायचे असतील, तर माझे मत रीपर या थरांवर थर रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरला. ६० दिवस पूर्ण सुविधांसह वापरून बघता येते, आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. जुन्या लॅपटॉपवरही ते सहज चालते. मॅक असेल तर मात्र आधी ॲपलचे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर गॅरेजबँड उघडा, ते फुकटच आहे.

रीपरमध्ये मला सर्वांत मोलाचे वाटते ते टेक, म्हणजे एकाच ओळीची वेगवेगळी रेकॉर्डिंग, सांभाळणे. अंतऱ्याची एकच ओळ लूपवर टाकून पुन्हा पुन्हा गायची. प्रत्येक टेक जपला जातो. मग 'एस' दाबून तुकडे करायचे आणि जिथला सूर नेमका लागलाय तो टेक निवडायचा.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, ही नेहमीची तक्रार सॉफ्टवेअर बदलून सहसा सुटत नाही. बफर बघा, म्हणजे संगणक आवाजाचे किती सॅम्पल (सूक्ष्म तुकडे) एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आकडा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे एका बाजूचाच (आवाज आत येतानाचा किंवा बाहेर जातानाचा) उशीर २१ मिलिसेकंद, तबलजी वैतागणारच! गाताना १२८ ठेवा, मिक्सिंगला वाढवा. माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरचे, म्हणजे संगणकाला वळसा न घालता आवाज थेट हेडफोनमध्ये देणारे, बटण असेल तर प्रश्नच मिटला.

उरलेले पैसे माइककडे वळवा, आणि खोलीत जाड पडदे लावा.