अँटिबॉडी आहेत, मग लस कशाला?

‘तबेल्यातल्या सगळ्याच घोड्यांत हर्पीसच्या अँटिबॉडी निघाल्या, मग लस कशाला?’ असं एकाने विचारलंय. अहो, हा विषाणू एकदा शिरला की जन्मभर मुक्काम ठोकतो. लांबचा प्रवास, आजारपण, नवा कळप, की पुन्हा डोकं वर काढतो. शिवाय त्या अँटिबॉडी लशीच्या की संसर्गाच्या, हे नेहमीच्या चाचणीत कळत नाही. ताजा संसर्ग ओळखायला दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने रक्ताचे दोन नमुने घेऊन अँटिबॉडींची पातळी चौपट वाढली का, ते बघावं लागतं. गाभण घोडीला मृत विषाणूची लस ५व्या, ७व्या, ९व्या महिन्यात द्यायचीच, गर्भपाताची जोखीम कमी होते. मज्जारज्जूवर जाणारा प्रकार मात्र लशीने थांबेल याची खात्री नाही (२०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या घोडेस्वारी स्पर्धेत पसरलेली याची साथ आठवा). तिथे नवा घोडा वेगळा बांधणं आणि रोज दोनदा ताप बघणं, यावरच माझा जास्त भरवसा.