एमजीबीची सिल सडली आहे, ठाणे-नवी मुंबईत पत्र्याचं वेल्डिंग कोण नीट करतं?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९६६ ची एमजीबी रोडस्टर आहे, बिनछपराची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, मामांची. त्यांनी सत्तरच्या दशकात एसटीसीच्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावात घेतलेली, वकिलातीतल्या कुणाची तरी होती. मामा गेल्यावर मामी म्हणाली तूच ने, तुलाच तिचं वेड. गेली अकरा वर्षं कोलशेतला आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये उभी आहे, आणि चूक तिथेच झाली, खाडीचा वारा आणि वरून प्लास्टिकचं कव्हर, आतल्या आत ओल धरत राहिली. इंजिन चालू होतं, त्याची चिंता नाही. पण परवा ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट उचललं तर खाली पार्किंगच्या लाद्या दिसल्या. सिलला, म्हणजे दरवाज्याखालच्या पत्र्याच्या पोकळ तुळईला, स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत, आणि बाहेर काढला तर हातावर चहाच्या चोथ्यासारखा गंज. सीटमागचे बॅटरीचे दोन्ही डबेही गेलेत. जॅकवर उचलली की दरवाजा अडकतो. बोनेटला चुंबक चिकटतच नाही, म्हणजे ते पण सगळं पुट्टीचं आहे का?
बजेट १ लाख २० हजार, त्यावर नाही, यंदा मुलीची ॲडमिशन आहे. रंग नंतर बघू, आत्ता फक्त गंज कापून पत्रा मारायचा आहे. गॅस वेल्डिंग की सीओटू (तारेचं, विजेवरचं)? पत्रे इथेच वाकवून घ्यावेत की बाहेरून मागवावेत?

हेराल्डवाले काका:
आधी अभिनंदन, अशी गाडी ठाण्यात आहे हे वाचूनच बरं वाटलं. पण १ लाख २० हजारात काही होत नाही. मी माझ्या स्टँडर्ड हेराल्डला साडेपाच लाख घातले, तेही सहा वर्षांपूर्वी, आणि आज रॅलीला नेली की लोक फोटोसाठी थांबतात. ब्रिटिश मोटर हेरिटेजचे पत्रे मूळ साच्यांवरचे असतात, दोन्ही सिल, फ्लोअर सगळं तिकडूनच मागवा, कस्टम लागेल तर लागू दे. आणि बॉडी चासीवरून अख्खी उचलून बाजूला ठेवा, मी तसंच केलं, खालून नीट रंग मारता येतो.

वाशीचा वायरमन:
काका, एमजीबीला वेगळी चासीच नाही, उचलणार काय? हेराल्डची गोष्ट वेगळी. इथे सिल हीच चासी, त्यात रोडस्टरला छप्पर नाही, सगळा भार त्या दोन सिलवर आणि फ्लोअरमधल्या उंच बोगद्यावर. खाडीकाठ, बोनेटची काळजी सोडा, तेव्हाच्या एमजीबीचं बोनेट ॲल्युमिनियमचंच असायचं, चुंबक चिकटणारच नाही. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी सोडा, ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) काढून ठेवा.

हेराल्डवाले काका:
६६ च्या गाडीत ऑल्टरनेटर कुठला? त्याच्या जागी जुन्या पद्धतीचा डायनामो. आणि अर्थिंग पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. दुसऱ्याला सांगायचं तर नीट सांगावं.

वाशीचा वायरमन:
डायनामो, मान्य. वायरी तरीही सोडायच्याच.

नेरूळची पद्मिनी:
एवढ्या भानगडीत पडूच नका. माझ्या पद्मिनीच्या फ्लोअरला भोकं पडली होती, वायर ब्रश मारून वर फायबरचं मॅट आणि रेझिन, रविवारच्या एका दिवसात काम झालं, चार वर्षं झाली, पाणी आत येत नाही. खर्च साडेतीन हजार.

कोपरीकर:
फायबर मारून गंज थांबत नाही हो, झाकला जातो. खाली त्याचं काम चालूच असतं. तुमच्या पद्मिनीचं फ्लोअर खालून एकदा टोचून बघा, मनापासून सांगतोय.

रबाळे नाका:
माझा अनुभव ऐका मग ठरवा. गेल्या वर्षी माझी प्रीमियर ११८ एनई गाडी वेल्डिंगला दिली. मिस्त्रीने कार्पेट काढलं पण त्याखालचं डांबराचं नमदं तसंच ठेवलं, वर वेल्डिंग, खाली नमदं पेटलं आणि कुणाच्या लक्षातच नाही, मागची सीट धुमसायला लागली तेव्हा समजलं. बादलीने पाणी मारलं. सीट गेली, वायरिंग गेलं, आणि गॅरेजवाला म्हणतो गाडी जुनी होती. आजपर्यंत एक पैसा दिला नाही. तेव्हा खालचं डांबर खरवडून काढा, पेट्रोलची टाकी उतरवा, आणि एक माणूस फक्त बघायला उभा करा. टाकी रिकामी आहे म्हणून गाडीतच ठेवू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त वाईट.

कोपरीकर:
सीओटूच करा. गॅसने पत्रा वाकडा होतो.

ऐरोली बायपास:
सीओटू. गॅसवाले आता राहिलेत कुठे, आणि गॅसने पत्रा वाकडा होतो.

पत्र्यातला माणूस:
धागा उशिरा बघितला. वागळे इस्टेटला प्रेस शॉपमध्ये २२ वर्षं काढली, दोन जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने केल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.
दरवाजा अडकतो ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि वर कुणी त्यावर एक शब्द लिहिला नाही. गाडी मधून बसतेय. अशा गाडीची सिल कुणी ग्राइंडर घेऊन सरळ कापायला लागला तर गाडी तिथून उचलून आणा. आधी भार ॲक्सलखाली स्टँड लावून घ्यायचा, थोडा थोडा जॅक देत दरवाज्याची फट वरून खाली सारखी आणायची, मग बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत आतल्या अंगाने इंची चौकोनी पाइप टाकून वेल्डिंगचे टाके मारायचे. आतल्या अंगाने अशासाठी की दरवाजा लावून फट बघता आली पाहिजे. मग कापायचं, तेही एका वेळी एकच बाजू. हे नाही केलं तर नवीन सिल वाकड्या गाडीवर कायमची बसते, मग दरवाजा जन्मात लागत नाही.
या सिलला पदर आहेत. बाहेरचा, मधली उभी पट्टी, आतला, आणि खाली कॅसल रेल, म्हणजे खालची जोडपट्टी. गॅरेजवाले सडक्या सिलवरच नवा पत्रा चढवतात, पुट्टी ओढतात, वर्षभर छान दिसतं, आत काहीच उरलेलं नसतं. पुढचं मडगार्ड बोल्टचं आहे, ते उतरवायला लावा, त्यामागे चिखलाचा गोळा धरून बसलेला असतो, पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि सिलचं पुढचं टोक खातं.
पत्रा सीआरसीए, म्हणजे साधा कोल्ड रोल्ड, फ्लोअरला २० गेज, सिलला १८ (गेज कमी तितका पत्रा जाड). जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, घेऊ नका, जस्ताचा धूर छातीत जातो. सीओटूला ०.६ ची तार, नसेल तर ०.८, गॅस शक्यतो आर्गन मिक्स. लांब ओळ एका दमात ओढली की पत्रा पापडासारखा फुगतो, म्हणून एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये गार होऊ द्यायचं. जिथे कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके होते तिथे वरच्या पत्र्याला ६ एमएमचं भोक पाडून ते भरायचं. वरून इपॉक्सी प्रायमर, नुसता रेड ऑक्साइड पाणी पितो. सगळ्यात शेवटी सिलच्या पोटात वॅक्स फवारा, आणि पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नका.

बेलापूर फाइल:
कागदांचं कुणी बोलतच नाही. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, ५० वर्षांवरच्या गाडीची नव्याने नोंदणी केली तर व्हीए मालिकेचा नंबर, फी २० हजार, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून अख्खं शेल वगैरे बदलू नका, आणि कापण्याआधीचे, कापतानाचे, नंतरचे फोटो तारखेसकट ठेवा.

हेराल्डवाले काका:
सिल बदलणं ही दुरुस्ती झाली, फेरफार कसला? उगाच घाबरवू नका माणसाला.

बेलापूर फाइल:
घाबरवत नाही, फोटो ठेवा एवढंच म्हणतोय. व्हीए नंबरवर रोज गाडी फिरवता येत नाही हे पण लक्षात घ्या.

ऐरोली बायपास:
माझं मत, विकून टाका. गिऱ्हाईक मिळतं आणि मुलीच्या ॲडमिशनचं पण सुटेल.

खाडीकाठ:
सगळ्यांचे आभार. विकणार नाही, मामांनी मला याच गाडीवर क्लच सोडायला शिकवलं.
पंधरा दिवसांत तीन ठिकाणी फिरलो. तुर्भ्याच्या एकाने गाडी न बघता फोटोंवरून पावणेतीन लाख सांगितले. घोडबंदरला ४५ हजार, दोन दिवसांत, पण तोच वरून पत्रा चढवायचा प्रकार. तिसरे कळव्याचे एक मिस्त्री, सत्तरीचे असतील, त्यांच्याकडे फक्त गॅस. ते गोणपाट टाकून गाडीखाली पाऊण तास होते, हातोडीच्या दांड्याने ठोकत आवाज ऐकत गेले आणि खडूने खुणा करत गेले. बाहेर आले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, आधी दरवाज्यात पाइप टाकू, मग कापू. ९५ हजार, दोन्ही बाजू, बॅटरीच्या डब्यांसकट. पत्रे वागळेला १८ गेजमध्ये वाकवून मी नेऊन द्यायचे. त्यांनाच देतोय.

कोपरीकर:
सगळे सीओटू सांगताहेत आणि तुम्ही गॅस? मग विचारलंत कशाला?

खाडीकाठ:
विचारलं म्हणून तर त्या पाइपचं महत्त्व कळलं. ज्या माणसाला ते न सांगता सुचलं त्याच्या हातात गाडी द्यायला मला भीती वाटत नाही.

पत्र्यातला माणूस:
मी असतो तर सीओटूच केलं असतं, गॅसची आच लांब पसरते. पण गॅसचा टाका मऊ असतो, हातोडीने बसवता येतो, मुरलेला हात असेल तर चालेल. टाक्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या चिंध्या ठेवायला सांगा. आणि आजच दरवाज्याची फट मोजून लिहून ठेवा.

खाडीकाठ:
टाकी काल उतरवली, खालचं डांबर रविवारी खरवडतो. त्यानंतरच्या शनिवारी टो करून कळव्याला नेणार. फट मोजली, ड्रायव्हरचा दरवाजा, मागची कड, वर २ एमएम, खाली ८. परत आली की मोजून इथेच लिहीन.