क्ले मास्क लावून माती खाल्लेल्यांनो, इकडे या

उंबरठा
काल संध्याकाळी लेक तोंडाला हिरवा लेप थापून बसली होती. मी काहीतरी बोलले तर ओठ न हलवता, दातांच्या फटीतून म्हणाली, "आई, हसवू नकोस, तडे जातील." आणि मला एकदम माझं हॉस्टेल आठवलं.

पहिल्या नोकरीची मुलाखत. आदल्या रात्री रूममेटने कुठूनशी बेंटोनाइटची (ही एक जातीची माती) पावडर पैदा केली. त्यात आम्ही अर्धं लिंबू पिळलं (कोणी सांगितलं होतं देव जाणे), जाड थर दिला आणि गप्पा मारत बसलो. पाऊण तास! थर वाळून खडखडीत, कातडी ओढून डोळे बारीक, आणि आम्ही खूश, की बघ कसं काम करतंय. धुतल्यावर गालांवर आणि नाकाच्या कडेला लालबुंद चट्टे. सकाळी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आधी पाणी दिलं, मग तब्येत विचारली, मग प्रश्न. नोकरी मिळाली, पण ती दयेपोटी मिळाली असं मला आजही वाटतं.

तर काल लेकीचा डबा उलटा करून वाचला. पुढे ठळक अक्षरांत 'ग्रीन क्ले'. मागे पाणी, केओलिन (पांढरी माती), ग्लिसरीन, बेंटोनाइट, पुढे बरंच काही आणि शेवटी सीआय ७७२८८. शोधलं तर तो निघाला क्रोमियम ऑक्साइड, म्हणजे हिरवा रंग. पांढरी माती रंगवून दिलीय! तेव्हापासून घरातला दिसेल तो डबा उलटा करत सुटलेय.

तुम्हीही लिहा. कुठली माती, कशात कालवली, किती वेळ ठेवली आणि थोबाडाचं काय झालं.

भोचक_भवानी
पहिली मी! माझा किस्सा भारी आहे. थांबा, बाळ उठलं.

आळशी मांजर
पाऊण तास 😳 मी पंधरा मिनिटांत रडले होते.
माझी कातडी मुळात कोरडी. बहिणीला मुलतानी माती मानवते म्हणून मीही लावली. तिचा चेहरा तुकतुकीत, माझा भेगाळलेल्या जमिनीसारखा. दोन दिवस हसले की गालाला चुरचुर. ती म्हणे, "तू नीट लावली नसशील." माती लावण्यात काय नीट नि काय वाकडं! आता फक्त केओलिनवालं घेते, तेही नाक-कपाळापुरतं. गालांना हात लावत नाही.

पाइलवाला
वाचनमात्र असतो, पण बेंटोनाइट हा शब्द दिसला आणि राहवेना. आम्ही ते पाइलिंगला, म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल खांब ओततो तेव्हा, वापरतो. बोअर खणला की त्यात बेंटोनाइटचा गाळ भरून ठेवायचा, म्हणजे भिंती ढासळत नाहीत. बायकोच्या मास्कवर तेच नाव वाचून मी म्हणालो, "हे तर आमच्या साइटवर पोत्यांनी पडलंय, आणू का?"
आठवडाभर अबोला.

टिंबटिंब
@पाइलवाला भिंती ढासळू नयेत म्हणून वापरतात ना? मग वहिनींचं काय चुकलं 😂

खडूशास्त्री
उंबरठाताई, मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे गप्प बसणं कठीण आहे. नावं 'माती'च असली तरी स्वभाव फार वेगळे.

केओलिन म्हणजे आपल्या चिनी मातीच्या कपबशीतली माती. चीनमधल्या गाओलिंग नावाच्या जागेवरून नाव पडलं. तिचे सूक्ष्म थर एकमेकांना घट्ट धरून असतात, मध्ये पाणी शिरत नाही, म्हणून ती फुगत नाही आणि तेलही बेतानेच ओढते. बेंटोनाइट बहुतेक ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेलं. त्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या थरांमध्ये पाणी घुसतं आणि ते टम्म फुगतं. थरांवर ऋण भार असतो, त्यामुळे धन भाराचे आयन ते धरून ठेवतं. ही धरण्याची क्षमता १०० ग्रॅममागे केओलिनची साधारण ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं एकक), तर मॉन्टमोरिलोनाइटची ८० ते १५०. मुलतानी मातीही बहुधा याच जातीची, त्यामुळे आळशी मांजर यांच्या गालांना हा फरक आकड्यांशिवायच कळला.

आता लिंबू. बेंटोनाइट नुसत्या पाण्यात कालवलं तर सामू (पीएच; ७ च्या वर अल्कली, खाली आम्ल) बहुधा ८.५ ते १० च्या घरात जातो. त्वचेचा असतो साधारण ४.५ ते ५.५. म्हणजे किंचित आम्ल घालण्याची कल्पना अगदीच वेडगळ नाही. पण 'अर्धं लिंबू' हे काही मोजमाप नव्हे, लिंबाच्या रसाचा सामू २ च्या जवळपास असतो. शिवाय लिंबातली काही द्रव्यं त्वचेवर राहिली आणि वर ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. तुम्ही रात्री लावलंत आणि धुतलंत म्हणून थोडक्यात निभावलं.

उंबरठा
सर, तेव्हा भेटला असतात तर मुलाखतीला तोंड दाखवायची लाज वाटली नसती.

मृण्मयी
माझं नावच मातीचं, त्यामुळे धाग्यावर माझा हक्क आहे 😀
मला कोणीतरी 'पिंक क्ले' भेट दिली होती. नाजूक त्वचेसाठी खास, दुर्मीळ वगैरे. दुर्मीळ कसली, बहुतेक वेळा लाल आणि पांढरी माती एकत्र केलेली असते. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. लावायला चांगली होती, खोटं का बोलू, पण टॉवेल गुलाबी झाला तो आजतागायत गुलाबीच आहे.

कळलावी
टॉवेलचं काय घेऊन बसलात, माझं बेसिन तुंबलं. उरलेलं वाटीभर भिजवलेलं बेंटोनाइट मी निवांत ओतून दिलं. प्लंबरने पाइप उघडून विचारलं, "मॅडम, इथे मूर्ती बनवता का?"
खडूशास्त्री म्हणतात तसं टम्म फुगलं असणार.

पाइलवाला
@कळलावी गळकं तळं बुजवायलाही तेच टाकतात. तुमच्या पाइपाने आपलं काम चोख केलं.

नीज_नाही
मला हसू येत नाहीये खरं तर. पिंपल्ससाठी डॉक्टरांनी रात्री लावायला ट्रेटिनॉइन दिलं होतं. मी शहाणी, वरून गंधकाचा क्ले मास्क सुरू केला, एक दिवसाआड. त्यात सॅलिसिलिक ॲसिडही होतं, ते मी वाचलंच नव्हतं. दहाव्या दिवशी हनुवटीची सालं निघायला लागली, नुसतं पाणी लागलं तरी आग. डॉक्टर आधी ओरडल्या, मग म्हणाल्या की गंधक आणि सॅलिसिलिक ही मुरुमांची औषधंच आहेत, ती मातीत घातली म्हणून सौंदर्यप्रसाधन होत नाहीत. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मुरुमांच्या औषधांत गंधक ३ ते १० टक्के आणि सॅलिसिलिक ०.५ ते २ टक्के, एवढ्यातच बसवतात. मी दोन्ही लावून वर ट्रेटिनॉइन थापत होते. सगळं बंद करून नुसतं साधं मॉइश्चरायझर लावलं तेव्हा तीन आठवड्यांनी माणसात आले.

मृण्मयी
@नीज_नाही अगं बाई गं. आता बरी आहेस ना?

नीज_नाही
हो गं. पुटकुळ्या येतात अधूनमधून, येऊ देत.

दाढीवाला
पुरुषांनी लिहिलेलं चालतं का? पाइलवाल्यांमुळे धीर आला.
एकदा दाढी केल्या केल्या मास्क लावला. त्यात मेंथॉल होतं. डोळ्यांतून पाणी. मग धडा घेतला आणि दाढी वाढवल्यावर लावला, तर माती केसांत वाळून दगड. कोमट पाण्याखाली अर्धा तास उभा होतो.

टिंबटिंब
मेंथॉलवरून आठवलं. मला पार्लरमधल्या एका बाईंनी सांगितलं होतं, "चुरचुरतंय ना? म्हणजे विष बाहेर पडतंय." मी पण भक्तिभावाने सोसलं. नंतर कळलं की मेंथॉल थंडावा जाणवणाऱ्या नसांना चेतवतं, गार-गार वाटतं ते एवढंच. आणि विष बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं बसलीत की! माती काय उचलते, तर वरचं तेल, मळ, थोडी मृत त्वचा. तेवढं उचललं तरी पुष्कळ आहे हो, पण 'डिटॉक्स' लिहिल्याशिवाय डबा छापतच नाहीत.

सहजच_आले
ब्लॅकहेड्स जातात का कुणाचे? नाकावर राखाडी ठिपके आहेत, मास्कने दोन दिवस जातात, परत हजर.

खडूशास्त्री
ते बहुधा ब्लॅकहेड्स नसावेत. प्रत्येकाच्या नाकावर तेलाच्या नलिकेत असे तंतू असतात, काढले तरी महिनाभरात पुन्हा भरतात. माती वरचं तेल टिपते म्हणून ठिपके फिके दिसतात. आणि रंध्रं 'उघडतात-मिटतात' हेही विसरा, त्यांना मिटायला स्नायू नसतात.

सहजच_आले
म्हणजे मी सात वर्षं नाक उगाच पिळतेय??

आळशी मांजर
😂😂 नाकाला सॉरी म्हण.
बाय द वे, आत्ताच मांजराच्या लिटरची (शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ती वाळू) पिशवी वाचली. बेंटोनाइट!! गठ्ठा बांधणारं लिटर तेच आहे. @पाइलवाला तुमची पोती पाठवाच.

कुंपणावरची
@आळशी मांजर लिटर कुठलं चांगलं गं, धूळ कमी उडणारं? आमच्या बोक्याला शिंका येतात.

आळशी मांजर
मोठ्या दाण्यांचं बघ. बोका किती वर्षांचा?

कुंपणावरची
चार. नाव सेनापती. उंदराला घाबरतो.
धुळीवरून आठवलं, विषयाला धरून बोलते. पावडरीचा मास्क कालवताना डब्यावर वाकून जोरजोरात ढवळू नका. मातीत बारीक सिलिका असू शकते, ती फुप्फुसाला बरी नाही. मी आधी पाणी घेते, त्यात पावडर भुरभुरते, मग भिजू देते. गुठळ्याही होत नाहीत. आणि 'धातूचा चमचा चालत नाही, शक्ती जाते' यावर मी वर्षभर लाकडी चमचा जपला होता. दोन मिनिटं ढवळल्याने काही होत नाही. साधा स्टीलचा घ्या.

टिंबटिंब
काही लोक तर हे पाण्यात घालून पितात! २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) शिसं सापडलं म्हणून बेंटोनाइटच्या पावडरीबद्दल इशारा दिला होता. जमिनीतून आलेली वस्तू आहे, सोबत काय घेऊन येईल सांगता येत नाही. धागाकर्तीचं शीर्षक कृपया शब्दशः घेऊ नये.

जुनी_वही
मी बनवायच्या बाजूची आहे, पूर्वी प्रसाधनांच्या प्रयोगशाळेत होते. लेबल वाचायची एक युक्ती सांगते. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, पण १ टक्क्याच्या खाली गेलं की क्रम कसाही चालतो. फिनॉक्सिइथेनॉल हे संरक्षक (माल खराब होऊ न देणारं द्रव्य) खूप डब्यांत असतं आणि युरोपात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे त्या नियमाने बनवलेल्या डब्यावर यादीत त्याच्यानंतर (शेवटी लिहिलेले रंग सोडून) जे काही येतं ते १ टक्का किंवा त्याहून कमी. मोरोक्कोची रसूल माती, समुद्रातली अमुक माती, कोळशाची पूड, ही डब्यावर ठळक छापलेली मंडळी पुष्कळदा तिथे शेपटीला सापडतात. काम करत असतं बिचारं केओलिन.

दुसरं, ग्लिसरीन यादीत वर असेल तर मास्क उशिरा वाळतो आणि कातडी कमी ओढतो. उंबरठाताईंच्या लेकीच्या डब्यात ते तिसरं आहे, मला तो डबा वाईट वाटत नाही. रंग दिला म्हणून माती खोटी होत नाही. खऱ्या हिरव्या मातीत बहुधा इलाइट नावाचं खनिज असतं आणि रंग त्यातल्या लोहाचा, पण प्रत्येक खेपेला छटा बदलते. ग्राहक म्हणतो मागच्या वेळेसारखा हिरवा नाही. मग आम्ही रंगवतो.

आणि घरी कालवलेली ओली माती डबीत भरून ठेवू नका. पाणी आलं की जंतू आले. आमच्याकडे एका हौशी बाईंनी 'आंबूस वास का येतो' म्हणून बाटली आणली होती. झाकण उघडलं आणि आम्ही सगळे खिडकीकडे.

उंबरठा
@जुनी_वही म्हणजे मी लेकीला उगाच फैलावर घेतलं? आता तिच्यासमोर शब्द मागे घ्यावे लागणार. त्यापेक्षा लिंबू परवडलं.
किती वेळ ठेवायचा पण?

जुनी_वही
डब्यावर असेल तेवढाच. मी स्वतः दहा मिनिटं. कडा फिक्या व्हायला लागल्या आणि मधे अजून ओलसर आहे, तेव्हाच धुते. पूर्ण वाळला की तेल उचलायचं काम संपलेलं असतं, नुसती ओढाताण उरते. कोरड्या मातीला खरवडू नका, आधी ओल्या फडक्याने भिजवा. दाढीवाले, तुम्हालाही हेच.

दाढीवाला
आधी का नाही भेटलात.

भोचक_भवानी
आले. बाळ झोपलं. तर झालं असं की मी मास्क लावून बसले होते, दारावरची बेल वाजली, कुरिअरवाला होता, आणि मी विसरूनच दार उघ

कळलावी
?

मृण्मयी
भवानी??

पाइलवाला
बाळ उठलं असणार. जाता जाता, बायकोने धागा वाचला. साइटवरचं चालत नाही, निवडून-धुऊन घेतलेलं वेगळं असतं, हे जुनी_वहींनी तिला सांगावं अशी विनंती आहे. माझ्याशी बोलत नाहीये.