मदत हवी आहे: क्षमा केली नाही तर तारण (पापापासून देवाने दिलेली सुटका) जाते का?

प्रश्न
बायबलमधील मत्तय ६:१५ नुसार आपण लोकांना क्षमा केली नाही, तर पिताही आपल्याला क्षमा करणार नाही. इफिस २:८-९ मात्र सांगते की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. मग तोंडाने क्षमा करूनही ती व्यक्ती समोर येताच ज्याचा राग उसळतो, त्या विश्वासणाऱ्याचे काय?

प्रतिसाद १
मत्तय १८:२३-३५ सलग वाचा. या दाखल्यात राजा चाकराचे कर्ज आधी सोडतो; तोच चाकर आपल्या सोबतीच्या चाकराला छोटे कर्ज सोडत नाही, हे वागणे नंतर उघडे पडते. म्हणजे आपण क्षमा करून देवाची क्षमा विकत घेत नाही. आता रकमा पाहा. एक दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज (मत्तय २०:२), एक तालंत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. चाकराचे कर्ज १०,००० तालंत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. सोबत्याकडे येणे होते १०० दिनार, तीन-साडेतीन महिन्यांची कमाई. हीसुद्धा किरकोळ रक्कम नव्हे! तुमचे येणे खरे आहे, ते नाकारायला प्रभू सांगत नाही.

पण वचन ३४ सौम्य करू नका. राजा त्याला छळ करणाऱ्यांच्या हाती देतो. काहीजण म्हणतात तसे ‘तारण राहते, फक्त देवाशी संगती बिघडते’ एवढ्यावर हे वचन भागत नाही.

प्रतिसाद २
इथे मंडळ्यांत (चर्चमध्ये) मतभेद आहेत. धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेत योहान १०:२८ धरून म्हणतात की खरा विश्वासणारा हरवत नाही. जो कधीच क्षमा करत नाही, त्याचा विश्वास मुळातच जिवंत नव्हता. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीच्या परंपरेत विश्वासापासून ढळणे शक्य मानतात. कॅथलिक शिकवणीत जाणूनबुजून बाळगलेला द्वेष प्राणघातक पाप (देवाच्या कृपेपासून तोडणारे गंभीर पाप) ठरू शकतो, त्यावर उपाय पश्चात्ताप आणि पापकबुली. धोका तिघांनाही दिसतो तो ठरवून दिलेल्या नकारात. क्षमा करायची आहे पण जमत नाही, ही अवस्था वेगळी.

प्रतिसाद ३
‘सगळे माफ’ ही मोघम प्रार्थना टिकत नाही, कारण नेमके काय सोडले हे मनालाच कळलेले नसते. कागद घ्या. त्याने काय केले, त्यात काय गेले आणि त्याच्याकडून अजून काय वसूल करायचे आहे, ते लिहा. बहुतेकदा शेवटच्या ओळीत ‘त्यानेही हेच भोगावे’ असे निघते. सोडायची ती हीच ओळ: ‘प्रभू, हे मी तुझ्याकडे सोपवतो’ (रोम १२:१९). राग परत आला की पहिली क्षमा खोटी होती असे समजू नका. त्याच ओळीवर परत या.

क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघे लागतात. म्हणून रोम १२:१८ मध्ये ‘शक्य असल्यास’ आहे. मारहाण किंवा अत्याचार असेल तर दूर राहणे, पोलिसांत तक्रार करणे ही अक्षमा नव्हे. कोणी पाळक तक्रार मागे घ्यायला सांगत असेल, तर क्षमेच्या नावाखाली ते मुळीच ऐकू नका.

धागाकर्ता
आणि ती व्यक्ती हयातच नसेल तर?

प्रतिसाद ३
मार्क ११:२५ पाहा. प्रार्थनेला उभे असतानाच क्षमा करायला सांगितले आहे. समोरचा तिथे असावा लागत नाही.