कृषी संशोधनाच्या खुल्या डेटाचा परिणाम कसा मोजावा? मदत हवी आहे

पाऊसमापक: आमच्या केंद्राने कोरडवाहू कापूस-तूर आंतरपिकाच्या चाचण्यांचा डेटा सर्वांसाठी खुला केला आहे. निधी देणाऱ्या संस्थेने त्याच्या परिणामाचा अहवाल महिनाअखेरीस मागितला असून माझ्या हाती केवळ डाउनलोडचे आकडे आहेत. तेवढे पुरेसे नाहीत, असे आधीच बजावण्यात आले आहे. सर्वमान्य पद्धत कोणती? कृपया लवकर सांगावे.

मृद्गंध: डेटा कोणत्या भांडारात आहे, डीओआय (डेटाचा कायमचा ओळखक्रमांक) आहे का, आणि तो खुला होऊन किती काळ झाला? गेल्याच वर्षी खुला केला असेल, तर परिणाम विचारणे म्हणजे पेरणी होताच पिकाचा उतारा विचारण्यासारखे आहे.

पाऊसमापक: डेटाव्हर्सवर आहे, २०१९ पासून. डीओआय अर्थातच आहे.

ग्रंथपाल: मग डेटासाइट या डीओआय देणाऱ्या संस्थेच्या सूचीत त्या डीओआयला जोडलेली उद्धरणे पाहावीत. डाउनलोडही टाकाऊ नसतात. काउंटर या वापर मोजण्याच्या मानकाच्या नियमांनी मोजले असतील, तर त्यांतून आपोआप फिरणाऱ्या बॉटच्या भेटी वगळलेल्या असतात.

कोरडवाहू: ग्रंथपालांशी मी सहमत नाही. आपल्याकडे डेटा वापरणारे बहुतेक जण संदर्भयादीत डीओआय देत नाहीत. ‘पद्धती’ विभागात एका वाक्यात संस्थेचे नाव घेतात. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सुरू केलेला ग्राम-अभ्यास पाहा. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोल्यातील कंझारा व किनखेड, आणि तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली व डोकूर अशा सहा गावांत, प्रत्येकी ४० कुटुंबांचे उत्पन्न आणि खर्च वर्षानुवर्षे नोंदवले गेले. त्यांपैकी तीन गावांच्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवले की, कुटुंबाचा खर्च स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर अधिक हलतो. जोखमीविषयीच्या पुढच्या कितीतरी संशोधनाला त्यातून दिशा मिळाली. हे डाउनलोडच्या आकड्यात दिसत नाही. मात्र लेखांच्या पूर्ण मजकुरात ‘कंझारा’ किंवा ‘औरेपल्ली’ शोधले की वापरकर्ते सापडतात, कारण ही नावे सहसा अन्य कारणाने येत नाहीत. तुमच्या डेटातलेही असे दुर्मीळ शब्द निवडा आणि सापडलेला प्रत्येक लेख वाचून ठरवा की डेटा त्याचा मुख्य आधार आहे, तुलनेपुरता आहे, की नुसता उल्लेख आहे.

ग्रंथपाल: अशी वर्गवारी व्यक्तिसापेक्ष असते. निदान दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि मतभेद अहवालात नोंदवावेत.

तंत्रमित्र: एक्सेलच्या फायली सीएसव्हीमध्ये बदलून ठेवाव्यात, जुन्या आवृत्त्या पुढे उघडतीलच असे नाही.

मृद्गंध: ते येथे कोणी विचारलेले नाही. ज्या शेतकऱ्यांच्या शेतांवर चाचण्या झाल्या, त्यांना निष्कर्ष कळवले का? मला तो पहिला परिणाम वाटतो.

पाऊसमापक: चाचण्या केंद्राच्याच प्रक्षेत्रावर झाल्या.

कोरडवाहू: हे आधी सांगायला हवे होते. मग प्रक्षेत्राचे नाव हाच शोधशब्द घ्या, आणि कृषिकोश या कृषी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील प्रबंध अवश्य पाहा. कृषी विद्यापीठांतला बराच वापर तिथेच राहतो, उद्धरणांच्या सूचीत येत नाही.

पाऊसमापक: एका पीएचडी प्रबंधात आमच्या पर्जन्यमान व उत्पादनाच्या नोंदी तक्त्यासह सापडल्या. डीओआय नाही, फक्त केंद्राचे आभार मानले आहेत. हा वापर धरावा का?

ग्रंथपाल: धरावा. तक्त्याचा पृष्ठक्रमांक द्या, आणि कोणती वर्षे कशासाठी घेतली हे प्रबंधकर्त्याला पत्राने विचारून ते उत्तर अहवालाला जोडा.