बुलगोगी-भात: घाईच्या संध्याकाळचे तुमचे अनुभव

सांजवात
काल शेजारच्या घरातून सोया सॉस आणि साखर तव्यावर लागल्याचा वास आला आणि मी थेट २०११ सालच्या, दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या आमच्या दीड खोलीच्या बिऱ्हाडात जाऊन पोचले. यजमान तेथे संशोधनासाठी होते. मला कोरियन अक्षरओळख नव्हती, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बुलगोगी, म्हणजे सोया सॉस आणि साखरेत मुरवून तव्यावर भाजलेले मांसाचे पातळ काप, करायला घेतली तेव्हा कागदासारखे पातळ कापलेले बीफ सोडून रश्श्यासाठीचे जाड तुकडे उचलून आणले आणि सोया सॉसच्या बाटल्यांतली दिसायला सुबक तेवढी निवडली. ती निघाली 'गुक-कानजांग', म्हणजे सुपासाठीचा सॉस, जो नेहमीच्या सॉसपेक्षा बराच खारट असतो. पहिला घास घेताच यजमानांनी निमूटपणे पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजींनी बाटली फिरवून पाहिली, मनसोक्त हसल्या आणि घरून एक नाशपती घेऊन आल्या. कोरियन नाशपती आपल्याकडच्या मोठ्या पेरूहूनही मोठी असते. त्यांनी अर्धा किलो मांसाला पाव नाशपती किसली, त्यात पाच मोठे चमचे साधा सोया सॉस, दोन चमचे साखर, ठेचलेला लसूण, मिरपूड आणि पातीचा कांदा घातला. भात शिजेपर्यंत जेवढे मुरेल तेवढे पुरे, असे त्यांनी हातवारे करून सांगितले. तवा धूर येईपर्यंत तापवला, मांस एका थरात पसरले आणि मी उलथने घेऊन पुढे सरसावताच माझ्या हातावर चापट मारली. खालची बाजू तांबूस झाल्याशिवाय हलवायचे नाही, हा धडा मी त्या चापटीने शिकले. तुमची कशी जमली, किंवा कशी फसली, ते अवश्य लिहावे.

वसईचा पाव
आम्ही वसईचे ख्रिस्ती असल्याने घरात बीफचे अप्रूप नाही. मात्र राज्यात २०१५ साली बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून आमच्याकडे म्हशीचेच मांस येते. ते कमी चरबीचे आणि भरड धाग्याचे असते, त्यामुळे तासभर फ्रीजरमध्ये ठेवून, जरा कडक झाल्यावर, धाग्याला आडवे कापावे लागते. नाशपतीचे काम मांस मऊ करण्याचे आहे, तर मग मटणाला लावतो ती कच्ची पपई काय वाईट, असा विचार करून मी ती सढळ हाताने लावली आणि रात्रभर ठेवली. सकाळी आईने झाकण उघडून विचारले, "हे मांस आहे की बाळाचे खिमट?" रविवार असल्याने पाहुणेही यायचे होते. शेवटी त्याच्या कटलेटी केल्या, आणि त्या उत्तम झाल्या, हे नमूद केले पाहिजे.

दुपारचा चहा
किवीनेही अगदी असेच होते. पंधरा मिनिटांपलीकडे ठेवू नये.

मुक्काम एडिसन
आठवड्यातल्या दिवशी कापाकापी कोण करणार, म्हणून मी बीफचा खिमाच वापरते. तो मोठ्या आचेवर कोरडा होईपर्यंत परतून, सुटलेली चरबी काढून, मग सोया सॉस, साखर, आले-लसूण आणि चमचाभर गोचुजांग, म्हणजे कोरियन मिरचीची आंबवलेली घट्ट चटणी, घालते. वीस मिनिटांत ताट वाढले जाते. याला बुलगोगी म्हणणे हे साबुदाणा वड्याला बटाटेवडा म्हणण्यासारखे आहे, हे मला मान्य आहे. खरी चूक मी भाताची केली होती. बासमतीचा दाणा सुटा राहतो आणि सगळा रस वाडग्याच्या तळाशी जातो. हल्ली आखूड दाण्याचा चिकट तांदूळ घेते, आणि भारतातून कोणी येणार असेल तर इंद्रायणी मागवते. काड्यांचा हट्टही सोडला आहे, कारण कोरियन माणसे भात चमच्यानेच खातात.

खलबत्ता
आमच्या घरी बीफ चालत नाही, म्हणून मी याच कृतीने चिकन करतो. माझी फजिती तेलात झाली. घाण्यावरचे तिळाचे तेल घातले, पण वास काही केल्या येईना. कोरियन तेल भाजलेल्या तिळांचे असते, हे उशिरा समजले. आता तीळ खरपूस भाजून, अर्धवट कुटून, आच बंद केल्यावर वरून घालतो. तेवढ्याने निम्मे काम भागते.

सांजवात
खलबत्ता, आजीही तेल अगदी शेवटी, चमचाभरच घालत असत. वसईकर, कटलेटींची कृती सविस्तर द्यावी, कारण माझ्याकडे आत्ता अर्धी पपई शिल्लक आहे आणि मोह आवरत नाही.

वसईचा पाव
ताई, पपई सांबारात घालावी. कृती मात्र रात्री लिहितो, सध्या कुकरची तिसरी शिट्टी झाली आहे.